निवडून ठेवलेली माती

तू नोकरीत नेमकं करतेस तरी काय, असं जालन्याकडच्या आमच्या टेंभुर्णीत कुणी विचारलं की मी सांगायची, "माती तपासते. समुद्राची." ऐकणाऱ्याचं तेवढ्यानं समाधान व्हायचं. माती तपासणं आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. शेतातली किलोभर माती पिशवीत घालून द्यायची, काही दिवसांनी कागद येतो, त्यात काय कमी आहे न् काय जास्त ते लिहिलेलं असतं. समुद्राच्या बुडाशी कोण पेरणार आहे, असं एखाद्या चौकस माणसानं पुढं विचारलंच, तर मी हसून वेळ मारून न्यायची. कॉलेजच्या पोरांना मी हे काम तासभर समजावून सांगितलेलं आहे, फळ्यावर चित्रं काढून. मायला मात्र तेच एक वाक्य सांगितलं होतं, आणि तिनंही कधी दुसरं विचारलं नाही. सगळं तिथंच चुकलं.

काम असं आहे. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी आम्ही बोटीतून लोखंडी जबडा दोरानं खाली सोडतो. तो बुडाचा चिखल चावून वर येतो. तो चिखल बारीक चाळणीतून धुतला की वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि त्यात राहणारे जीव मागं उरतात. केसाळ अळ्या, नखाएवढ्या शिंपल्या, झिंग्यांची चिल्लीपिल्ली. ते सगळं स्पिरिटच्या बरणीत घालायचं आणि वर गुलाबी रंग टाकायचा. जे जिवंत होतं ते रंग धरतं, वाळू धरत नाही. मग महिनाभर ट्रेवर वाकून चिमट्यानं एकेक गुलाबी जीव बाहेर काढायचा, मायक्रोस्कोपखाली ओळखायचा, मोजायचा. पाणी घाण झालं की मासा पळून जातो. चिखलातली अळी कुठं जाणार? म्हणून खाली काय झालं ते तिलाच विचारायचं असतं.

त्या खाडीत कारखान्यांचं पाणी सोडणारा एक पाइप होता. दोन वर्षांपूर्वी तो बंद करून लांब नेला. पण पाइपाच्या जुन्या जागेभोवती शिंपल्या काढायला जी बंदी घातली होती ती तशीच राहिली, कारण बुडाशी पुन्हा जीव धरल्याचं आमच्या मोजणीत दिसत नव्हतं. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या काढणं हाच तिथल्या बायकांचा धंदा. त्यांच्यातली एक थोराड बाई दर वेळी धक्क्यावर उभी असायची. बरण्या उतरवताना हात लावायची आणि एकच विचारायची, "ताई, खाली जीव धरला का, तेवढं सांगा." मी म्हणायची, मोजल्यावर कळेल.

त्या वर्षी फाल्गुनात आम्ही चिखल काढून आणला आणि त्याच आठवड्यात माय घसरून पडली. पायाचं हाड मोडलं, प्लॅस्टर घातलं. घरात ती एकटी. मी रजा मागितली. आमच्या मॅडम मोठ्या मनाच्या बाई. त्या म्हणाल्या, "रजा कशाला? बरण्या घेऊन जा, तिथं बसून मोज. अहवाल वेळेत झाला म्हणजे झालं." नियम एकच होता: ज्याच्या नावावर बरण्या दिल्या त्यानंच त्या उघडायच्या, दुसऱ्यानं नाही. मी सही केली.

पत्र्याच्या पेटीत पोतं अंथरून पंधरा बरण्या मी जालन्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून एसटीनं घरी आणल्या. पेटी उघडली तशी गल्लीभर स्पिरिटचा वास सुटला. शेजारची मामी दारात येऊन म्हणाली, "पोरगी इतकी शिकली, अन् गावात येताना बाटल्या घेऊन आल्ती म्हनं." मीही म्हटलं, "मामी, थोडी थोडीच देईन, कडक आहे." समुद्र कुठं, टेंभुर्णी कुठं. इथल्या उन्हात विहिरींनी तळ गाठलेला, आणि मी समोरच्या खोलीत समुद्राचं बूड पसरून बसलेली.

माय आतल्या खोलीत खाटेवर पडून होती. तिच्याबद्दल सांगायला हवं. मी शिकत होते तेव्हा आम्ही जालन्यात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि माय एका बियाण्याच्या गोदामात निवडणीला जायची. समोर बियांचा ढीग, दोन्ही हात चालू, फुटकं, किडकं, पोचट बाजूला सारायचं. वीसेक वर्षं तिनं तेच केलं. पोतं बांधायच्या आधी शेवटची नजर टाकायला मुकादम तिलाच बोलवायचा. तिच्या बोटांना दिसतं, असं तिच्याबरोबरच्या बाया म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. अंधारलेल्या स्वयंपाकघरात डाळीतला खडा ती न बघता काढायची. प्रयोगशाळेत मात्र मी, "आई बियाणे कंपनीत होती," एवढंच सांगितलेलं. ऐकणारे ऑफिसात असेल असं समजायचे आणि मी समजू द्यायची.

चैत्रात प्लॅस्टर निघालं. माय काठी टेकत समोरच्या खोलीत येऊन बसायला लागली, आणि चार दिवसांत कंटाळली. रिकामा हात तिला सोसत नाही. एका सकाळी माझ्या मायक्रोस्कोपचा दिवा गेला. तसला दिवा जालन्याशिवाय मिळायचा नाही. पाइपाच्या जागेच्या तीन बरण्यांपैकी दोन माझ्या मोजून झाल्या होत्या, तिसरी बाकी होती. त्या दोन्हींत नेहमीचंच रडगाणं होतं. घाणीतही तग धरणाऱ्या चार-दोन बारीक अळ्या, बस्स.

"तू जाऊन येस्तोवर मी काय माशा मारू?" माय म्हणाली. "मला बी दे काहीतरी."

मी घड्याळाकडं बघत होते. अहवालाची तारीख जवळ आली होती आणि मी मागं पडले होते. वाटलं, हिच्यासारखी नजर प्रयोगशाळेत कुणाला आहे? काढून तर ठेवील, ओळखायचं मी बघेन. मी तिसरी बरणी उघडली, आतला गाळ नीट धुतला, ट्रेमध्ये ओतला, शेजारी पाण्याची वाटी ठेवली, चिमटा हातात दिला.

"हे गुलाबी दिसतंय ना, ते सगळं बाहेर काढायचं. एकही राहू द्यायचं नाही. निवडून ठेव."

ती वाकली. "औषध लावल्यालं बी असतं तसं दिसून राह्यलं."

"हां, तसंच," मी चपला घालता घालता म्हणाले आणि एसटी गाठायला पळाले.

आता लिहिताना हे 'तसंच' मला टोचतं. पेरायच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळतात, आणि ते कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला रंग देतात. मायच्या गोदामात तो रंग गुलाबी होता. सांडलेलं गुलाबी बी केरात टाकायचं नाही, उघड्यावर ठेवायचं नाही, खड्डा करून पुरायचं, हे तिथल्या बायांच्या अंगवळणी पडलेलं होतं. एकदा कुणाची शेळी ते खाऊन गोदामाच्या दारातच पाय झाडून मेली होती. ते मायनं डोळ्यांनी बघितलेलं. आणि निवडणं म्हणजे काय? तांदूळ निवडले की तांदूळ राहतात आणि खडे जातात. घरात, गोदामात, आयुष्यभर तिनं तेच केलं. पोरगी माती तपासते. मग राखायची ती माती.

मी दुपार कलल्यावर परत आले. ट्रे धुऊन भिंतीला उभा केलेला, बरणी झाकण लावून जागेवर. जेवण झालं, दिवा बसवला आणि बरणीतलं थोडं काचेच्या बशीत घेऊन बघितलं. वाळू. दुसरी बशी घेतली. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. अर्धी बरणी पालथी घातली तरी गुलाबी म्हणून एक धागा दिसेना. वाटीही रिकामी, धुऊन ठेवलेली होती, म्हणून मायला काही सापडलंच नाही असं मी धरून चालले. इतकी स्वच्छ वाळू मी कधी बघितली नव्हती. माझ्या मनात आलं, संपलं, तिथं आता काहीच उरलेलं नाही. त्या थोराड बाईला काय सांगायचं याचाच विचार करत मी वही ओढली आणि शून्य लिहायला पेन टेकवलं.

"दिसला का एक तरी?" माय दारातून म्हणाली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "एक बी सोडला न्हाई म्या. बघ किती बी बघ."

मी पेन खाली ठेवलं. "काढलेलं कुठंय?"

"पुरलं की. शेवग्याच्या बुडाला. बराबर हातभर खाली, कोंबड्या उकरायच्या न्हाईत."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. "तुला काय कळतं" हे बोलले. "अडाणी ती अडाणीच" हेही बोलले, ज्या बाईनं स्वतःचे डोळे आणि पाठ झिजवून मला शिकवलं तिला. ती उठली. काठी घेऊन माझ्या मागं शेवग्यापर्यंत आली आणि मी खुरप्यानं उकरत असताना नुसती उभी राहिली. तिनं खड्ड्यात वर राखही टाकली होती, गोदामाच्या रीतीनं, आणि मोरीचं पाणी तिकडंच मुरत होतं. गुलाबी चिखल हाताला लागला, एक-दोन शिंपल्या लागल्या, आणि मुंग्या. मोजण्यासारखं काही नव्हतं.

"मला नीट सांगितलं असतंस तर," ती एवढंच म्हणाली.

मॅडमना फोन करणं भाग होतं. मी गल्लीच्या टोकाला विहाराच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं हे मनाशी ठरवून गेले होते. खरं सांगितलं असतं तर मॅडम रागावल्या असत्या, पण त्यांनी विचारलंही असतं की आईनं किती काढले, कसले होते. आणि पावसाळ्याला अजून अवकाश होता, बोट पुन्हा पाठवून तिथला चिखल पुन्हा काढता आला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण फोन लागला आणि मला डोळ्यांसमोर आमची प्रयोगशाळा दिसली, पांढऱ्या कोटातली माणसं, आणि त्यांच्यासमोर कुणीतरी म्हणतंय, हिच्या आईनं, गोदामातल्या बाईनं, बरणी उघडून सगळं पुरलं. मला लाज वाटली. नोकरीची भीती होती, नाही असं नाही, पण पहिल्यांदा वाटली ती लाज.

"मॅडम, पाइपाची तिसरी बरणी एसटीत फुटली," मी म्हणाले. "तळाशी होती, आता पेटी रिकामी करताना लक्षात आलं."

"असू दे," त्या म्हणाल्या. "अशा रस्त्यांवर फुटायचीच. फॉर्मवर तसं लिही. आई कशी आहे तुझी?"

बरी आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याशी न बोलता माय स्वयंपाकघरात पिठाचा गोळा घेऊन बसली. मला वाटलं बोटवे करतेय. उन्हाळ्यात आमच्याकडं बायका कणकेचे बोटवे, नखुले वळून वाळवतात. बोटांनी चिमूटभर कणीक ओढायची, मुरडायची, ताटात टाकायची. तिचा हात त्यातही कुणाला ऐकत नाही. तासाभरानं तिनं हाक मारली. तिच्यापुढं आमचं मोठं जेवणाचं ताट होतं आणि त्यात कणकेचे जीव होते.

"हे असे लई होते," ती म्हणाली. शेवईसारख्या बारीक अळ्या तिनं एका बाजूला रचल्या होत्या. "हे जाड, दोन्ही अंगानं केस असल्याले. केस कणकेत येईनात, तू समजून घे. हे वाकडे, पाठीत कुबड निघाल्यावानी." ते झिंग्यांचे भाईबंद होते, बाक अगदी बरोबर आला होता. नखुल्याएवढ्या जोडशिंपल्या होत्या, एकावर एक बसवलेल्या. मी एकेकाकडं बोट दाखवत होते आणि मनात त्याचं कूळ येत होतं. कुणी एवढं नीट चित्र काढून दिलं नसतं.

"अन् ह्या सात." ताटाच्या मध्ये मसुराएवढ्या गोल चकत्या होत्या आणि प्रत्येकीला पाच लांब, नागमोडी हात. "चांदण्यावानी. ह्यांनी मला लई त्रास दिला. चिमटा लावला की हात मोडून पडायचा. मंग म्या बोटाच्या टोकावर घेऊन काढल्या."

तिला हे कुठून ठाऊक असणार? त्या जीवाचे हात धरताच मोडतात. आमची नवी पोरं पहिल्या दिवशी सगळे मोडून ठेवतात. आणि तो जीव घाण चिखलात टिकतच नाही. इतक्या हंगामांत पाइपाच्या जागेवर मला त्याचा एक तुटका हातसुद्धा सापडला नव्हता. आता सात. मी ताटाशी खाली बसले आणि मला रडू आलं. मायला वाटलं मी अजून त्याच रागात आहे.

"मोजायचं होतं ना तुला? हे मोज. जेवढं ध्यानात राह्यलं तेवढं केलंय."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, जे आधीच सांगायला हवं होतं ते. पाइप, बंदी, चिखलातल्या बायका, धक्क्यावरची ती बाई आणि तिचा तो एक प्रश्न. माय लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे ह्या चांदण्या दिसल्या तर त्या बायांचं काम सुरू व्हतंय?"

"एका बरणीनं नाही होत. पण होऊ शकतं."

"मंग लिही की जल्दी. माझं नाव सांग. म्या पुरलं म्हनावं, पन बघितलंय बी म्याच."

मी ताटाचा फोटो काढला. लिहिते, म्हणाले. नंतर कितीतरी वेळा फोन हातात घेतला. पण आता सांगायचं म्हणजे आधी एसटीचं खोटं होतं ते कबूल करावं लागणार होतं, आणि कणकेचे किडे दाखवून. आज नको, उद्या, अहवाल जाण्याआधी, बोट बंद होण्याआधी. असं करत वैशाख गेला. वैशाखी पौर्णिमेला माय विहारात बाकीच्या बायांना सांगत होती की समुद्राच्या तळाशी तिला सात चांदण्या सापडल्या आणि पोरगी ते सरकारात लिहून राह्यलीय. बाया माझ्याकडं बघून मान डोलवत होत्या. मी चपला शोधायचं निमित्त करून बाहेर आले. मग कोकणात पाऊस सुरू झाला आणि बोटी धक्क्याला लागल्या.

त्या जागेचा निकाल अहवालात आलाच नाही. तीन बरण्यांपैकी एक नाही म्हटल्यावर मॅडमनी ते ठिकाणच वगळलं. त्यांचं काही चुकलं नाही, नियम तसाच आहे. बंदी पुढच्या मोजणीपर्यंत कायम राहिली. धक्क्यावर मी त्यानंतर एकदाच गेले, आणि भरतीच्या वेळी गेले, म्हणजे चिखलात कुणी बायका नसतील.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा अहवालाची छापील प्रत माझ्या पिशवीत होती. माझे कपडे बाहेर काढताना मायनं ती बघितली. तिला वाचता येत नाही. सहीपुरती अक्षरं तिला मी शाळेत असताना शिकवली होती, तेवढीच. तिनं पदरानं हात पुसले आणि प्रत मांडीवर घेतली.

"हेच का ते?"

"हो."

"चांदण्याचं लिव्हलं?"

"लिहिलं."

"वाच बरं."

मी पान उघडलं आणि वाचलं. म्हणजे वाचल्यासारखं केलं. पाइपाच्या जुन्या जागी सात चांदण्या आढळल्या, असं म्हणाले. त्या एका अनुभवी बाईंनी हातानं निवडल्या, असंही म्हणाले; ते तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. मायनं मान खाली घातली. तिला लाजल्यासारखं झालं होतं.

"कुठंय ते? माझं बोट ठेव तिथं."

मी तिचं बोट धरलं. निवडून निवडून त्याचं टोक गुळगुळीत झालेलं आहे. ते मी तक्त्यातल्या त्या जागेसमोर ठेवलं, जिथं इंग्रजीत लिहिलं होतं, नमुना उपलब्ध नाही. तिनं बोट हलवलं नाही. म्हणाली, "त्या धक्क्यावरच्या बाईला बी असंच वाचून दाखीव, बाई. वाट बघत असंल ती."

मी हो म्हणाले.